ओपन सोर्स आणि आपल्या गावचा पैसा

नमस्कार श्रोतेहो.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल आज बोलायचं आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना ते सांगायला कॉलेजं आहेत; विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या बेळगावात आहे. मला बोलायचंय ते उद्यमबागेतल्या कारखानदारांशी, खडेबाजारातल्या व्यापाऱ्यांशी, खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थांच्या संचालकांशी. ज्यांच्या सहीशिवाय संगणकावर रुपया खर्च होत नाही, अशा मंडळींशी.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेल्या सूचना, कुणालाही वाचता येतो, हवा तसा बदलता येतो आणि पुढे दुसऱ्याला देता येतो, ते ओपन सोर्स. बहुतेक वेळा ते पैसे न मोजता मिळतं, आणि तिथंच माणूस बिचकतो. "फुकटचं ते काय चांगलं असतंय व्हय?" असं कितीतरी जण मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. बाजारात प्रत्येक मालामागे तो विकणारा असतो. विकतच्या सॉफ्टवेअरचा एजंट दुकानात येतो, चालवून दाखवतो, वर्ष संपलं की नूतनीकरणाला पुन्हा हजर होतो, कारण त्यात त्याचं कमिशन असतं. पत्रं आणि हिशेबाचे तक्ते करायचं लिबरऑफिस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर दारात घेऊन कोण येणार? वस्तू चांगली असूनही पोचत नाही, कारण ती पोचवण्यात कुणाचं पोट भरत नाही.

दुसरी अडचण आपल्याच सवयीची. विकतचं परवडत नाही म्हणून आपण चोरीची प्रत टाकून घेतो आणि म्हणतो, हेही फुकटच आहे की. बिल गेट्स १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना उघडच म्हणाले होते, की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. सवय लागली की वसुलीचं पुढे बघू. चोरीच्या प्रतीतून कंपनीला उद्याचं गिऱ्हाईक मिळतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपल्याला अजून कळायचंय.

मग ओपन सोर्समध्ये पैसा आहे का? भरपूर आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखं, अख्खा संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. ते १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलं. आज जगातले पहिले ५०० महासंगणक त्यावर चालतात, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. २०१९ साली आयबीएमनं लिनक्स पुरवणारी रेड हॅट ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. रेड हॅटचा कोड तर खुलाच होता, मग ती विकत काय होती? जबाबदारी. बिघडलं तर आम्ही नीट करू, अमुक वर्षं सांभाळू, याचे पैसे ती घेत होती. भांडवलशाही बाजारात ओपन सोर्स जगतं ते असं, कामाच्या मोलावर. लायसन्सचा पैसा बेळगावातून गेला की गेला. बसवून देण्याचा, शिकवण्याचा, दुरुस्तीचा पैसा मात्र इथल्याच पोरांच्या हातात पडू शकतो, जी आज पुण्याच्या आणि बंगळूरच्या गाड्या धरतात.

उद्यमबागेचंच बघा. जुन्या सीएनसी मिलिंग मशीनचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राचं, लोखंड धडधाकट असतं, पण त्याला हुकूम देणारा कंट्रोलर जातो. त्याचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात, मग मशीन ताडपत्रीखाली. लिनक्ससीएनसी नावाचं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी उपयोगी पडतं. त्याचं मूळ काम १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत झालं आणि ते सर्वांना खुलं राहिलं. एक पीसी, तो मशीनला जोडणारं इंटरफेस कार्ड, मोटरला वीज पुरवणारे ड्राइव्ह आणि वायरिंग नीट जाणणारा माणूस, एवढ्यावर ते मशीन पुन्हा जॉब काढू लागतं. हे काम जोखमीचं आहे, हेही सांगतो. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडायचा नसतो, बटण दाबताच ड्राइव्हची वीज थेट तुटली पाहिजे. म्हणूनच त्याला जाणकार हवा, आणि जाणकाराला त्याचे पैसे मिळायला हवेत. औद्योगिक वसाहतीत असे चार जण उभे राहिले तर तो चांगला धंदा आहे.

आपल्याकडे एकाच टेबलावर मराठी अर्ज आणि कन्नड पत्र टाइप करावं लागतं. लिनक्समध्ये दोन्हींचे इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या मांडणीचे, कीबोर्ड असतातच, आणि मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा.

आता पतसंस्था. शेतकऱ्याचा हिशेब सावकाराच्या वहीतून सोडवायला सहकार आला. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला कर्नाटकातली पहिली सहकारी संस्था उभी राहिली. आज वही पुन्हा परक्या हाती चालली आहे. खातेदारांची माहिती बऱ्याचदा अशा रूपात साठवलेली असते, की सॉफ्टवेअर देणाऱ्याखेरीज ती कुणाला नीट काढता येत नाही. मग देखभालीचे तो सांगेल ते पैसे. एकट्या संस्थेला स्वतःचं सॉफ्टवेअर करून घेणं झेपणार नाही, मान्य. पण वीस संस्थांनी वर्गणी काढून पोस्टग्रेससारख्या खुल्या डेटाबेसवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एकच काम करून घेतलं, कोड सगळ्यांचा ठेवला, तर? भागभांडवल असंच तर गोळा केलं होतं आपल्या आजोबांनी.

त्या वर्गणीत मूळ सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचाही वाटा ठेवा. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष सापडला, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार ज्यावर सुरक्षित राहतात ते सॉफ्टवेअर मोजकी माणसं तुटपुंज्या पैशावर सांभाळत होती. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर पैसे घातले.

तुमच्या संस्थेची वार्षिक सभा येईल तेव्हा सभासद म्हणून उभे राहा आणि विचारा: उद्या सॉफ्टवेअर बदललं तर आपली सगळी माहिती कोणत्या रूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल? ते करारात कुठं लिहिलंय? उत्तर लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

नमस्कार.