खांब उपसल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, ती आकाराने जेमतेम तळहाताएवढी आहे. गल्लीच्या तोंडाशी, मंडईच्या वाटेवर, शाळेच्या फाटकासमोर किंवा पदपथाच्या उतारावर वाहने आत शिरू नयेत म्हणून जे लोखंडी खांब उभे केलेले असतात आणि ज्यांना आता सगळेच जण बोलार्ड म्हणतात, ते आपण रोज पाहतो. त्यांतले बरेचसे कायमचे गाडलेले असतात. पण काही काढता-घालता येण्याजोगे असतात. जमिनीत काँक्रीट ओतून त्यात एक पाइप पक्का बसवलेला असतो, खांब त्या पाइपात वरून सोडून कुलूप लावायचे असते, आणि अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर किंवा गणपतीची मिरवणूक आली की तो उपसून बाजूला ठेवायचा असतो. ही सोय उत्तम आहे आणि अरुंद गल्ल्यांच्या आपल्या जुन्या वस्त्यांना तिची गरजही आहे. माझे म्हणणे आहे ते खांब उपसल्यावर जमिनीत जे उघडे भोक उरते त्याच्याविषयी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असे तीन खांब होते. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ते मिरवणुकीसाठी काढले गेले आणि एका घराच्या भिंतीला टेकवून ठेवले गेले. उत्सव संपला, मांडव उतरला, पण खांब भिंतीलाच टेकलेले राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, शेजारच्या आजी दूध आणायला निघाल्या. रात्री पाऊस पडून गेला होता, तिन्ही भोके काठोकाठ पाण्याने भरली होती आणि त्या पाण्यावर विसर्जनाच्या फुलांतल्या झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. ओल्या रस्त्यावर सगळीकडेच पाकळ्या पडलेल्या होत्या, त्यामुळे कुठल्या पाकळ्यांखाली डांबर आहे आणि कुठल्या पाकळ्यांखाली काहीच नाही, हे धडधाकट नजरेलाही कळले नसते. आजींचा पाय घोट्याच्या वर अडकला, शरीर मात्र चालीच्या वेगाने पुढे गेले, आणि नडगीची दोन्ही हाडे मोडली. आम्ही धावत गेलो तेव्हा त्यांचा पाय अजून त्या पाइपातच होता. त्यांनी पुन्हा चालायला सुरुवात केली, पण काठीशिवाय नाही.

असा अपघात कसा होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते समजले की झाकण कसे असावे हेही आपोआप समजते. साध्या खड्ड्याला काठ उतरता असतो, त्यात पाय घसरतो, मुरगळतो, पण बहुधा बाहेर निघतो. खांबाच्या भोकाचे काठ उभे असतात. पाय सरळ आत जातो, लोखंडी कडा त्याला चहूबाजूंनी धरून ठेवते आणि पुढे झुकणाऱ्या शरीराचा सगळा भार त्या कडेवर, म्हणजे हाडावर, येतो.

आता असे भोक रस्त्यात महिनोन्महिने उघडे असूनही त्याची तक्रार का होत नाही? मी एकदा आमच्या गल्लीतली मापे घेऊन हिशेब मांडला. पाइपाचा आतला व्यास होता ११५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेचार इंच. नेहमीच्या स्कूटरचे दहा इंची रिमचे चाक टायरसकट सुमारे ४३४ मिलिमीटर व्यासाचे असते. असे चाक या भोकावरून गेले, तर ते फक्त आठ मिलिमीटर खाली उतरते. म्हणजे स्कूटरवाल्याला धक्का जाणवला न जाणवला असे होते, मोटारवाल्याला तर तेवढेही कळत नाही. पण चाकाच्या खुर्चीचे पुढचे फिरते चाक १५० मिलिमीटरचे असले, तर ते त्याच भोकात २७ मिलिमीटर उतरते आणि तिथेच रुतून खुर्ची पुढच्या बाजूला कलंडते. प्रवासी बॅगेची किंवा भाजीच्या ट्रॉलीची चाके पाच-सहा सेंटिमीटरची. ती तर अख्खीच आत जातात. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीचे टोक, कुबडीचा रबरी बुंधा, लहान मुलाचे पाऊल, या सगळ्यांना हे भोक म्हणजे उघडा सापळा आहे. ज्यांना इजा होते ते वाहनावर नसतात, आणि ज्यांच्या तक्रारीवर रस्ते चटकन दुरुस्त होतात ते बहुधा वाहनावर असतात. या एका फरकात पुष्कळ काही आले.

अशी भोके बुजवण्याचे प्रयत्न लोक करतात, आणि त्यांच्या मनात काळजीच असते, हे मी आधीच सांगतो. कुणी झाडाची फांदी रोवून तिला लाल फडके बांधतो. दिवसा तिचा उपयोग होतो. रात्री तीच फांदी सायकलस्वाराच्या तोंडावर येते आणि सकाळी कुणीतरी ती उपटून फेकून देतो. कुणी मोठा दगड ठेवतो, त्यालाच ठेच लागते. कुणी प्लायचा तुकडा टाकतो. तो पहिल्याच रिक्षाबरोबर सरकतो आणि पावसात फुगतो, आणि सरकलेल्या प्लायखालचे अर्धे उघडे भोक पूर्ण उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण प्लाय दिसतो म्हणून माणूस विश्वासाने पाय ठेवतो. वाहतुकीचा नारिंगी शंकू तासाभराच्या कामासाठी ठीक आहे, माणूस जवळ उभा असेल तर; एकटा सोडलेला शंकू रात्रीतून कुठे जाईल ते सांगता येत नाही. वाळू किंवा खडी भरली तर ती पहिल्या दोन सरींत खाली बसते.

सर्वांत घातक उपाय म्हणजे भोकात सिमेंट ओतून ते कायमचे बंद करणे. त्या दिवसापुरता धोका टळतो, हे खरे. पण मग खांब परत बसवता येत नाही, ज्या कारणासाठी तो उभारला होता ते कारण तसेच राहते, आणि महिन्याभरात मोटारसायकली पुन्हा पदपथावरून धावू लागतात. चालणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था चालणाऱ्याला वाचवण्यासाठीच मोडीत काढणे, हे मला कधीही पटलेले नाही.

मग झाकण कसे असावे? पहिली गोष्ट, ते जागेवरून हरवता कामा नये. याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जमिनीतल्या पाइपाच्या तोंडालाच बिजागरीने जोडलेले झाकण. खांब उपसला की ते पायाने लोटले तरी बंद होते. दुसरा म्हणजे सुटे बूच, म्हणजे पाइपात सैलसर बसेल असा वीतभर लांबीचा पाइपाचा तुकडा आणि त्याच्या माथ्यावर वेल्डिंग केलेली जाड चकती, जी आत टाकलेल्या साखळीने मूळ पाइपाला बांधलेली असते. माझा कल बिजागरीकडे आहे आणि त्याचे कारण सरळ आहे. खांब घाईत काढायची वेळ येते ती आग लागल्यावर किंवा दारात रुग्णवाहिका उभी राहिल्यावर, आणि अशा वेळी झाकण कुठे ठेवले आहे ते शोधायला कुणी थांबणार नाही, थांबूही नये. मात्र बिजागरीत चिखल आणि बारीक खडी जाऊन ती अडते, त्यामुळे तिला दर महिन्याला ब्रश आणि तेलाचा हात लागतो. तेवढे करणारे कुणी नसेल, तर साखळीचे बूच बरे. शिवाय खांब जागेवर असताना बिजागरीचे उघडे झाकण चालण्याच्या वाटेवर आडवे पडून राहणार नाही, अशा बेताने पाइप बसवतानाच तिची दिशा ठरवावी लागते, आणि ही गोष्ट नेमकी विसरली जाते.

दुसरी गोष्ट पातळीची. झाकण जमिनीशी सपाट बसले पाहिजे. अपंगांच्या सोयीसाठीच्या अमेरिकी मानकांत चालण्याच्या पृष्ठभागावर ६ मिलिमीटरपर्यंतचा उभा फरक आणि १३ मिलिमीटरपर्यंतची फट चालते, त्यापुढे नाही. झाकण उचलण्यासाठी ठेवलेले बोटाचे छिद्रही या मापात बसले पाहिजे, म्हणून बोटाऐवजी आकडा घालून उचलण्याजोगे लहान छिद्र ठेवावे. पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर आणखी एक अडचण येते. ब्लॉक हळूहळू खचतात, काँक्रीटमधला पाइप खचत नाही, आणि वर्षभरात त्याची कडा बोटभर वर येऊन तिलाच ठेच लागू लागते. यासाठी पाइपाभोवती हातभर रुंदीची काँक्रीटची चौकट करून ब्लॉक तिच्या बाहेरून बसवलेले बरे.

तिसरी गोष्ट ताकदीची. मॅनहोलच्या झाकणांसाठी आपल्याकडे जे भारतीय मानक आहे, त्यात २.५, १०, २० आणि ३५ टन असे चार भारवर्ग आहेत. पहिला वर्ग पायी वाटेचा. पण जी वाट खांब काढल्यावर टँकरसाठी खुली होते, ती पायी वाट राहत नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमधले नुसते पाणीच दहा टन भरते. अर्थात आपले भोक लहान आहे, आणि चहूबाजूंनी टेकलेली सहा मिलिमीटरची चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पोलादी पत्रा, एवढ्या लहान अंतरावर सहसा वाकत नाही. निकामी होते ती बिजागरी, किंवा झाकण ज्या खाचेत टेकते तिची काँक्रीटची कड. म्हणून झाकण बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला पत्र्याची जाडी विचारण्याइतकेच आग्रहाने झाकणाची बैठक कशी केली आहे, तेही विचारावे. बैठक एकसारखी नसेल, तर झाकण प्रत्येक चाकाबरोबर खडखडते, आणि खडखडणारे झाकण आज ना उद्या उडते. पत्रा गॅल्व्हनाइझ केलेला, म्हणजे जस्ताचा थर दिलेला असावा, आणि भंगारात विकले जाण्याइतके जड झाकण सुटे ठेवू नये, हे सांगायला नकोच.

आता पाण्याविषयी. पाइप तळाशी बंद असेल, तर तो पावसाळाभर भरलेला राहतो आणि झाकणाच्या आत डासांची पैदास होते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला एवढेसे पाणी पुरेसे असते आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस. पाइप तळाशी उघडा ठेवून खाली वीतभर खडीचा थर द्यावा, अशी पद्धत आहे. कोकणातल्या जांभ्यात ती उत्तम चालते. मराठवाड्यात किंवा विदर्भात, जिथे काळी माती पाणी सोडतच नाही, तिथे मात्र खडीही तुडुंब भरते. तिथे बारीक नळी काढून जवळच्या गटाराला जोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

या प्रश्नाकडे यंत्रणांचे मुळीच लक्ष नाही, असे मी म्हणणार नाही. मुंबईत पदपथांवरच्या बोलार्डमुळे चाकाच्या खुर्चीची वाट अडते, याची दखल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना इजेच्या प्रमाणात ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश दिला. मांडवाच्या खांबांसाठी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यांबद्दल मुंबई महापालिकेने २०२५ च्या गणेशोत्सवाआधी दर खड्ड्यामागे १५ हजार रुपये दंड ठरवला, मंडळांनी विरोध केला, आणि तो पुन्हा २ हजारांवर आला. मी स्वतः उत्सवात वाढलेला माणूस आहे आणि कार्यकर्त्यांची धावपळ जवळून पाहिलेली आहे. दंडाची रक्कम किती असावी यावर वाद होऊ शकतो, पण बांबू काढल्यावर तो खड्डा त्याच संध्याकाळी ठोकून बुजवण्यात वाद घालण्यासारखे काय आहे, ते मला समजत नाही.

काढत्या खांबाच्या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. झाकण हा त्या खांबाचाच भाग आहे, वेगळी वस्तू नव्हे. झाकण हाताशी असल्याशिवाय खांब उपसूच नये, आणि झाकणाशिवाय असा खांब बसवण्याचे बिल कुठल्याही सोसायटीने किंवा कार्यालयाने चुकते करू नये. ज्याच्याकडे कुलपाची किल्ली, त्याच्याकडेच एक लहानशी वही असावी. किती खांब काढले, किती झाकणे बसवली, परत केव्हा उभे केले, एवढ्या तीन नोंदी पुरतात. मोठ्या सोसायट्यांत वॉचमन बदलतात, मंडळांत कार्यकर्ते बदलतात, पण वही फाटकाच्या केबिनमध्ये टांगलेली राहते.

आमच्या गल्लीतल्या तीन भोकांना आजींच्या अपघातानंतर दोन आठवड्यांनी झाकणे लागली. ती कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने केली. पहिल्या खेपेला त्याने वरवरचे माप घेतले आणि बूच आत जाईना, कारण पाइपात आतून गंज चढला होता. तेव्हा तुमच्यापैकी कुणी हे काम हाती घेणार असेल, तर आधी पाइप तारेच्या ब्रशने घासून घ्या, आत साचलेला गाळ उपसा, आणि माप तोंडाशी न घेता वीतभर खाली, दोन दिशांनी घ्या. पाइप वाहनाच्या धक्क्याने लंबगोल झालेला असतो. झाकणांवर आम्ही पिवळा रंग दिला आणि १, २, ३ असे आकडे टाकले. तेच आकडे खांबांवरही आहेत, कारण तिन्ही पाइप थोडे थोडे वेगळे वाकलेले आहेत आणि दुसऱ्याचे झाकण पहिल्याला बसत नाही.

नमस्कार.