वाट चुकलेली हवा

मे महिना, सकाळचे सहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या धावपट्टीवर विद्यार्थ्यांची उड्डाणं उजाडताच सुरू होतात, कारण दहा वाजले की डांबरावर ही अशी झळ नाचायला लागते.

हँगरमध्ये मात्र एक विमान उभंच आहे. चार आसनी, एका इंजिनाचं. तक्रार एवढीच: चढताना तिसरा सिलेंडर तापतो.

नाकावरचं हे आवरण म्हणजे काउलिंग. ते उतरवलं की चार सिलेंडर दिसतात, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. मोटारीसारखा रेडिएटर इथे नाही, पाणी तर नाहीच. सिलेंडरभोवतीच्या या पातळ पात्यांना फिन्स म्हणतात. त्यांच्यामधून हवा वाहिली तरच इंजिन गार राहतं. चढताना नाक वर असतं, वेग कमी आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडा, म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी.

अशा इंजिनात सिलेंडर हेडच्या, म्हणजे सिलेंडरच्या टोकाच्या, तापमानाची शेवटची हद्द ५०० अंश फॅरेनहाइट असते, म्हणजे २६० सेल्सिअस. पण हद्दीला टेकून कुणी उडवत नाही. काटा ४०० फॅरेनहाइटच्या आत राहिला, तर सिलेंडर टिकतात.

विदर्भात कुणीही म्हणेल, ऊनच तसं आहे. खरंच आहे ते. १५ अंश सेल्सिअसच्या मानाने ४५ अंशांत हवा जवळजवळ दहा टक्के विरळ होते. पण शेजारी उभं असलेलं हे दुसरं विमान पाहा. तेच इंजिन, तेच ऊन, आणि काटा जागेवर. मग दोष उन्हाचा कसा?

इंजिनिअर काका आधी काउलिंगच्या पुढच्या तोंडांतून हात घालतात. काड्या, पिसं, सुकलेलं गवत. साळुंकीने अर्धं घरटं बांधून ठेवलंय. ते निघालं, फिन्समधली तेलात बसलेली धूळ धुतली गेली. अनेक ठिकाणी काम इथेच संपलं असतं.

काका थांबत नाहीत. इंजिनाभोवतीचे हे पत्रे, बॅफल, फार कमी लोकांच्या लक्षात राहतात. समोरून आलेली हवा इंजिनाच्या वर अडवायची, तिचा दाब वाढवायचा आणि फिन्समधूनच खाली जायला भाग पाडायचं, हे त्यांचं काम. कूलरची वाळ्याची ताटी जरा सरकली की हवा फटीतून शिरते आणि खोलीत गरम झोत येतो ना, तसंच इथे होतं. हवेला सोपी वाट मिळाली की ती सिलेंडरकडे फिरकत नाही.

आता रात्रीची ही दृश्यं. काउलिंग परत बसवलंय, हँगरमधले दिवे बंद, इंजिनाखाली एकच बल्ब. हाताखालचा पोरगा पुढच्या तोंडातून आत बघतो.

“भाऊ, मागून उजेड येऊन रायला!”

फिन्समधून झिरपणारा उजेड चालतो, कडेचा नाही. ही फट तिसऱ्या सिलेंडरच्या मागेच आहे. तिथली रबराची पट्टी कडक होऊन मागे दुमडलीय. तिची कड पुढे, येणाऱ्या वाऱ्याकडे वळलेली हवी, म्हणजे दाबानेच ती काउलिंगला घट्ट चिकटते. काउलिंग घाईत बसवलं की ती उलटी पडते, आणि वरून काही दिसत नाही.

नवी पट्टी कापली जाते. पत्र्यांच्या बारीक फटींत हे लाल सिलिकोन, उष्णता सोसणारं. दोन सिलेंडरांमधला खालचा पत्रा सैल होता, तोही आवळला जातो. काउलिंगला नवी भोकं पाडायचं कुणी सुचवतं. काका मान हलवतात. मंजुरीशिवाय विमानाच्या रचनेत बदल करता येत नाही, आणि इथे गरजही नाही. मूळ रचना बरोबरच आहे, ती फक्त जशीच्या तशी राखायला हवी. असं राखणाऱ्या हातांचं नाव उड्डाणाच्या नोंदवहीत एका सहीपुरतं येतं.

सिलेंडर हेडचं तापलेलं अ‍ॅल्युमिनियम कमकुवत होतं, जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो, आणि एकच इंजिन असलेल्या विमानाला मग उतरायला शेत शोधावं लागतं.

चाचणी उड्डाण. पूर्ण थ्रॉटल, लांब चढ. तिसऱ्याचा काटा ४००च्या खाली, बाकी तिघांच्या रांगेत.

पोरगा आता शेजारच्या विमानाखाली बल्ब घेऊन शिरलाय. त्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.