नावेतून निघालेलं चॅपेल

झाडांच्या वर डोकं काढून उभं आहे ना, फिकट दगडाचं, एकही कोपरा नसलेलं, तेच बिशप एडवर्ड किंग चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. ऑक्सफर्डजवळचं कडस्डन गाव, तिथलं रिपन कॉलेज, चर्च ऑफ इंग्लंडचे प्रीस्ट इथे शिकून तयार होतात. जुनी इमारत आर्किटेक्ट जी. ई. स्ट्रीटची, १८५४ ची, आणि किंग हे इथले एके काळचे प्रिन्सिपल.

२००९ मध्ये नव्या चॅपेलसाठी स्पर्धा झाली, ती जिंकली आर्किटेक्ट नीअल मॅक्लॉक्लिन यांनी. स्पर्धा म्हटलं की चकचकीत थ्रीडी चित्रं डोळ्यासमोर येतात, पण या डिझाइनचं मूळ आहे आयरिश कवी शेमस हीनीच्या एका कवितेत. आयर्लंडमधल्या क्लोनमॅकनॉइजला मठातले साधू प्रार्थनेला बसलेत आणि वर हवेत चक्क जहाज येतं, त्याचा नांगर अल्टारच्या, म्हणजे वेदीच्या, कठड्यात अडकतो, एक खलाशी दोर धरून खाली उतरतो पण त्याला काही तो सुटत नाही, शेवटी मठाधिपती म्हणतात मदत करा त्याला, नाहीतर बुडेल तो आपल्या हवेत.

आता इंग्रजीत 'नेव्ह' म्हणजे चर्चचा मधला भाग, सभामंडप म्हणा हवं तर. तो शब्द आला लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाज. आणि चाकाच्या तुंब्यालाही इंग्रजीत नेव्हच म्हणतात, फिरत्या चाकातली ती मधली जागा. गंमत म्हणजे आपली 'नाव' आणि 'नाभी' याच दोन शब्दांच्या चुलत बहिणी!

बस, आता आत चला. लंबगोल जागा, बाकं समोरासमोर, एका टोकाला अल्टार, दुसऱ्या टोकाला वाचनाचं व्यासपीठ. खांब जवळून बघा, हे अखंड लाकूड नाही, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेत, वर जाता जाता फाटे फुटतात आणि एकमेकांत गुंततात. उलट्या होडीच्या फासळ्या म्हणा, नाहीतर झाडी. हा सांगाडा भिंतीला टेकलेला नाही, स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि मधे जी फट राहते तोच प्रदक्षिणेचा मार्ग. बाहेरून भिंत क्लिप्शमच्या दगडाची, दातेरी नक्षीत बसवलेली, हात फिरवला तर खरखरीत लागेल अशी. खिडक्या पार वर, त्यामुळे उजेड खांबांमधून गाळून खाली येतो.

२०१३ ला काम पूर्ण, त्याच वर्षी स्टर्लिंग प्राइझ, म्हणजे इमारतींसाठीचं ब्रिटनमधलं मोठं बक्षीस, त्याच्या शेवटच्या सहांत, पण बक्षीस गेलं ॲस्टली कॅसल या दुसऱ्या इमारतीला. मॅक्लॉक्लिनना ते मिळालं २०२२ मध्ये, केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजच्या लायब्ररीसाठी.

आता थोडा वेळ मी गप्प बसतो, खांबावरचा उजेड सरकतोय तो बघा.