मर्ग कायम, तपास सुरू

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ग्वाल्हेर सुरक्षित आहे का?’ याचं उत्तर माझ्यापेक्षा अचलेश्वराच्या रस्त्यावर सकाळी लवकर मिळेल. देवदर्शनाला निघालेल्या आपल्या बायकांच्या मागून मोटारसायकलचा आवाज आला की हात आपोआप गळ्याशी जातो. मंगळसूत्र आत, पदर पुढे ओढलेला. खरं सोनं घरी कपाटात, अंगावर वन ग्रॅमचं. लग्नाला जाताना खरं घातलंच, तर परतताना ते रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात. कोणी शिकवलं नाही हे. सासूचं बघून सून शिकली. आणि विचारलं, भीती वाटते का? तर म्हणतात, छे हो, भीती कसली, सवय आहे.

मला बोलायचंय ते चेन ओढणाऱ्याबद्दल नाही. ओढून झाल्यावर काय होतं, त्याबद्दल. ते कुठे लिहिलं जातं, कोण लिहितं, आणि आपण त्यातलं काय खरं मानतो.

माझी सगळी नोकरी एका हिंदी दैनिकाच्या शहर डेस्कवर गेली. गुन्ह्यांचं पान कसं तयार होतं ते सांगतो, कारण तुम्ही रोज ते आधी वाचता आणि मग म्हणता, सगळं खोटं छापतात. संध्याकाळी पोलिसांची प्रेस नोट येते. वार्ताहर ठाण्यांना फोन करतो. पान सोडायची वेळ ठरलेली असते. मृताच्या घरचे बोलायच्या मनःस्थितीत नसतात, शेजारी दार लावून घेतात. मग उरतं कोण? ठाणं. म्हणून तुम्हाला रोज तीच वाक्यं दिसतात. ‘मामूली विवाद में’, ‘पुरानी रंजिश के चलते’, आणि शेवटी ‘पुलिस ने मर्ग कायम कर जांच शुरू कर दी है’.

या शेवटच्या वाक्याशी जरा थांबू. कितीतरी शिकलेली माणसं समजतात की मर्ग कायम झाला म्हणजे गुन्हा दाखल झाला. तसं नाही. अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी म्हणजे मर्ग. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 194. त्यात मृत्यू कशाने झाला एवढंच पाहतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. कोणी मारलं असा संशय ठरला, तर एफआयआर वेगळा लिहावा लागतो. मर्ग आणि एफआयआर या दोन पायऱ्यांमध्ये महिने जाऊ शकतात, आणि त्या महिन्यांत वर्तमानपत्र परत फिरकत नाही. त्या घरात मात्र ते कात्रण जपून ठेवलेलं असतं. त्यांच्या लेखी पेपरने पोलिसांचं छापलं आणि सोडून दिलं. त्यांना खोटं म्हणता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट, रक्त न सांडलेली. आपल्यातल्याच एका कुटुंबातल्या मुलीचा मोबाइल फूलबागेजवळ दोघांनी हिसकावला. ती रडत एका ठाण्यात गेली. मोहर्रिर, म्हणजे ठाण्यात तक्रारी लिहून घेणारा हवालदार, अगदी सौजन्याने बोलला. म्हणाला, ‘बेटा, गुम होने का आवेदन दे दो, सिम भी जल्दी मिल जाएगी.’ पाणीही दिलं. तिने आवेदन दिलं, शिक्का मारलेली प्रत घेतली, काम झालं म्हणून घरी आली. कागदावर काय राहिलं? एका मुलीचा मोबाइल हरवला. दोन चोर गेले आणि मागे राहिला एक निष्काळजी ग्राहक.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम 304, तीन वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंडसंहितेत त्याला स्वतःचं असं कलमच नव्हतं. चोरी म्हणा, लूट म्हणा, किंवा त्याहून सोपं, काहीच म्हणू नका. कायदा बदलला, पण मोहर्रिरचं टेबल तेच आहे. ठाण्याची कामगिरी गुन्ह्यांच्या आकड्यावर तोलली जाते. आकडा वाढला की ठाणेदाराला वर उत्तर द्यावं लागतं. मग गुन्हा न लिहिण्यासारखा सोपा उपाय कोणता?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘भारतातील गुन्हे’ हा अहवाल 1953 सालापासून निघतो. टीव्हीवर त्याचे तक्ते दाखवून कोणतं राज्य किती वाईट यावर भांडणं होतात. पण त्यात मोजलं जातं ते फक्त नोंदवलेलं. शिवाय एका घटनेत पाच गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. जिथे पोलीस प्रामाणिकपणे लिहून घेतात तिथला आकडा फुगतो, आणि जिथे हाकलून देतात ते गाव संतांचं दिसतं. त्यातल्या त्यात खुनाचा आकडा जरा भरवशाचा, कारण प्रेत सहसा लपत नाही. 2017 सालचा अहवाल 2019 च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आला. एवढ्या उशिरा आलेल्या आकड्यावर शहराने काय करावं?

पण मंडळी, सगळं खापर ठाण्यावर फोडून तुम्हाला चहाला सोडणार नाही. आपल्या घरात काही झालं की आपण पहिल्यांदा काय करतो? शंभर नंबर? नाही. आपण विचारतो, ठाण्यात आपलं कोण आहे? कोणाचा भाचा एसपी ऑफिसात, कोणाच्या मेव्हण्याचा वर्गमित्र टीआय, म्हणजे ठाणेदार. ही सवय फार जुनी आहे. आपले पणजोबा शिंदेशाहीत नोकरीला होते. वाड्यावर कोणाला सांगितलं की काम होतं, हे त्यांना पाठ होतं. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात गेलं, पण आपल्या डोक्यातला वाडा गेला नाही. ओळखीने काम होतं तेव्हा ते बहुतेक वेळा न लिहिता होतं. ‘समज दिलीय, परत येणार नाही,’ असा निरोप येतो, आपण पेढे पाठवतो. तो पोरगा मग पुढच्या गल्लीत जातो, जिथल्या माणसांची ओळख नाही.

अविश्वास हा आपल्या मुलुखाचा जुना धंदा आहे. चंबळच्या काळात ‘पकड’ झाली, म्हणजे माणूस पळवला, की घरचे पोलिसांत जात नसत. मध्यस्थ शोधत, शेत विकत, पैसे पोचवत. 1981 मध्ये राज्याने डकैती आणि अपहरणग्रस्त भागांसाठी खास कायदा केला, पण बिहडातल्या, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतल्या, गावाला कायद्यापेक्षा मध्यस्थ जवळचा होता. आणि गंमत बघा, खुद्द बागींचाही, म्हणजे डाकूंचाही, पोलिसांवर विश्वास नव्हता. 1972 च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्यांनी शस्त्रं ठेवली ती जयप्रकाश नारायणांच्या शब्दावर. 12 फेब्रुवारी 1983 ला भिंडमध्ये फूलनदेवी आली ती अटी ठरवून. उत्तर प्रदेश पोलिसांच्या हाती पडायचं नाही, ही त्यातली मोठी अट. समोर मुख्यमंत्री अर्जुनसिंग, पण बंदूक ठेवली गांधीजी आणि दुर्गेच्या तसबिरीपुढे. सरकारशी बोलणी करायला सरकारबाहेरचा कोणीतरी लागतो, हा धडा या भागाने तेव्हा गिरवला आणि अजून पुसलेला नाही.

बंदुकीचंही तसंच. शहाण्या माणसाने हसावं की रडावं? 2008 मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यांना परवाना लवकर देण्याची योजना निघाली. 2019 मध्ये आपल्या ग्वाल्हेरात परवाना हवा असेल तर दहा झाडं लावा, असं प्रशासनाने सांगितलं. लोकसंख्या आणि पर्यावरण दोन्ही सुधारलं म्हणायचं! निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या रांगेत एकदा उभं राहून बघा. रजईच्या जुन्या खोळीत गुंडाळलेली दुनाळी घेऊन निवृत्त मास्तर उभे असतात, पुढे भूविकास बँकेचे कर्जदार, मागे दूधवाले. चोरापासून वाचायला घेतली का विचारलं तर सांगतील, नाही हो, लग्नकार्यात शोभा असते. लग्नातल्या त्या हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळ्यांना, 2019 च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. वरातीत विचारा कोणाला माहीत आहे.

2018 चा तो आठवडा तुम्हाला आठवत असेल. 26 मार्चला भिंडमध्ये संदीप शर्मा हा टीव्ही पत्रकार ट्रकखाली गेला. वाळूमाफिया आणि पोलिसांच्या संगनमतावर त्याने बातमी केली होती, जिवाला धोका असल्याचं लेखी कळवलं होतं. ट्रक वळून त्याच्या दुचाकीवर जातो, हे सीसीटीव्हीत सगळ्या देशाने पाहिलं. त्याआधी 2012 च्या होळीला बामोरजवळ नरेंद्रकुमार हा तरुण आयपीएस अधिकारी दगडांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली असाच गेला होता. म्हणजे पोलीस आणि पत्रकार यांना आपण एका दमात ‘मिळालेले’ म्हणतो, तेव्हा त्यांच्यातलेच काही खाणीच्या वाटेवर चिरडले गेलेत, हेही आठवावं.

संदीप शर्मा गेल्यावर आठवड्याभरात, 2 एप्रिलला, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यावरच्या निकालाविरुद्ध दलित संघटनांचा भारत बंद. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, तिन्हीकडे माणसं मेली. संचारबंदी, इंटरनेट बंद. मी डेस्कवर होतो. मृतांचा आकडा रुग्णालयाचा एक, कंट्रोल रूमचा एक, आणि फोन करणाऱ्यांचा दर थोड्या वेळाने वाढणारा. नेट बंद होतं तरी अफवेला नेट लागत नाही, लँडलाइनवर मावशीने मावशीला सांगितलं तरी पुरतं. ग्वाल्हेरच्या थाटीपुरात पिस्तूल झाडणाऱ्या एका माणसाचं चित्रण देशभर फिरलं. तो आंदोलकच, असं आधी काही ठिकाणी दाखवलं गेलं. पुढे निघालं की तो आंदोलकांपैकी नव्हता. पण ज्यांनी आधीचं पाहिलं त्यांनी पुढचं पाहिलं नाही. आजही याच लष्करात मला दोन्ही हकिकती शपथेवर सांगणारे भेटतात, आणि दोघंही म्हणतात, ‘मीडियावर माझा विश्वास नाही.’ विश्वास नाही म्हणणाऱ्याने स्वतःच्या सोयीची क्लिप मात्र जपून ठेवलेली असते. अविश्वास फुकट मिळाला की तो असा होतो.

व्यापमवर, म्हणजे राज्यातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्यावर, फार बोलत नाही, या सभागृहात ज्यांची मुलं तेव्हा परीक्षा देत होती त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. एवढंच सांगतो. 2015 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सीबीआयकडे दिलं, तोपर्यंत प्रकरणाशी संबंधित मृतांच्या याद्या प्रत्येक पेपरात वेगळ्या होत्या. कोण अपघातात गेलं, कोण आजाराने, कोणाचं खरंच संशयास्पद, हे निवडायला सुरुवातीपासून नीट लिहिलेला कागद लागतो. तो नव्हता, म्हणून प्रत्येक मृत्यू खून ठरला, आणि प्रत्येक खुलासा लपवाछपवी.

म्हणून माझं म्हणणं असं की अविश्वास जरूर ठेवा, पण कागदावर ठेवा. ‘यांच्याकडून काही होत नाही’ हे नाक्यावर बोलून कोणाचंच काही जात नाही. तेच तारीख घालून लिहून दिलं तर कोणालातरी उत्तर द्यावं लागतं.

आता कामाचं. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर लिहिणं पोलिसांच्या मर्जीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितलंय. कोणत्याही ठाण्यात द्या, हद्द त्यांची नसली तरी घ्यावा लागतो. प्रत तिथल्या तिथे, फुकट. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नकार दिला तर तोच मजकूर पोस्टाने एसपींना, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. एक पळवाट आहे तीही सांगतो. ज्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा आहे, तिथे वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. चेन ओढणं नेमकं त्यात बसतं. ‘चौकशी करतोय’ म्हणाले तर परवानगी कोणी, कधी दिली, ते विचारा. आणि ‘गुम’ हा शब्द असलेल्या कागदावर, काहीतरी हिसकावलं गेलं असेल तर, सही करू नका. पाणी दिलं तरी.

सोनं परत मिळेल, असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा मिळत नाही.

तक्रारीचा नमुना मी हिंदीत टाइप करून आणलाय, ठाण्यात मराठी कोण वाचणार? एसपींना पाठवायच्या पत्राचाही आहे. दोन्ही दाराजवळच्या टेबलावर आहेत. पोस्टाची पावती सांभाळून ठेवा, तिची झेरॉक्स काढा, ती शाई काही महिन्यांत उडते.