ऱ्होड्सचा धान्यव्यापारी

मित्रहो, ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्याचे भाव कडाडलेत. अशात एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याने भरलेलं जहाज घेऊन बंदराला लागतो. आणखी बरीच जहाजं धान्य घेऊन इकडेच निघालीत, हे त्याने वाटेत स्वतः पाहिलंय. हे त्याने लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा?

रोमन राजकारणी, वकील आणि लेखक सिसेरोने हा पेच मांडला इ.स.पू. 44 मध्ये. सीझरचा खून होऊन काही महिने लोटले होते. अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी तो कर्तव्यांवर ग्रंथ लिहीत होता. त्याच्या पहिल्या भागात प्रज्ञा, न्याय, धैर्य, संयम हे चार सद्गुण येतात, पनीशियस या स्टोइकाच्या, म्हणजे सद्गुणालाच खरं हित मानणाऱ्या ग्रीक पंथातल्या तत्त्वज्ञाच्या, आधाराने. त्यावर आज वेळ घालवत नाही. सद्गुण एकीकडे आणि फायदा दुसरीकडे ओढतोय असं वाटतं, तेव्हा काय करायचं? त्यावर लिहीन असं पनीशियस म्हणाला होता, पण ते राहूनच गेलं. ती उणीव सिसेरोने तिसऱ्या भागात भरून काढली, आणि माझ्या मते ग्रंथाचा प्राण तिथेच आहे.

या व्यापाऱ्यावरून तो दोन स्टोइकांना समोरासमोर आणतो : बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचाच शिष्य, टार्ससचा अँटिपेटर. (रांजणात राहणारा डायोजिनीस तो वेगळा.) गुरू म्हणतो, मी माल आणला, विकायला मांडला, खोटं काही बोललो नाही, यात कुणावर अन्याय झाला? शिष्य म्हणतो, माणसांचं हित पाहण्यासाठी तू जन्मलास, आणि एवढा साठा जवळ आलाय हे त्यांच्यापासून लपवणार? गुरू म्हणतो, लपवणं वेगळं, न सांगणं वेगळं. देवांचं स्वरूप काय, हे मी तुला आत्ता सांगत नाहीये; स्वस्त गव्हापेक्षा ते कळणं तुझ्या जास्त उपयोगाचं. मग मी ते लपवतोय का?

हा युक्तिवाद दमदार आहे. लोभी माणसाची पळवाट म्हणून तो उडवून लावू नका.

सिसेरोने आधीच एक अट घातली आहे, ती वाचताना सहज निसटते. व्यापारी शहाणा आणि सज्जन आहे असं धरायचं. लपवणं वाईट आहे असं त्याला पटलं, तर तो लपवणारच नाही; ते वाईट आहे का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. म्हणजे इथे मोहाशी झुंज नाही. आपण सद्गुण म्हटलं की मनावर ताबा एवढंच डोळ्यांपुढे आणतो. या लोकांच्या लेखी समोरच्या प्रसंगात काय घडतंय ते नीट ओळखणं हा सद्गुणाचा गाभा होता. स्टोइक तर सद्गुणाला ज्ञानच मानत.

सिसेरोचा निकाल अँटिपेटरच्या बाजूने जातो. नुसतं गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे, हे त्याला मान्य आहे. पण ज्यांना कळण्यात त्यांचं हित आहे, त्यांना ते आपल्या फायद्यासाठी कळू न देणं, हे लपवणंच. मग तो विचारतो, असं करतो तो माणूस कसला? मोकळा नाही, सरळ नाही, न्यायी नाही. कावेबाज, आतल्या गाठीचा, बेरकी. कोणता नियम मोडला हे इथे तो पाहत नाही, माणूस पाहतो.

नियमांची मर्यादा त्याला वकील म्हणून ठाऊक होती. पुढे तो सिराक्यूजच्या पिथियसची गोष्ट सांगतो. या सावकाराने कोळ्यांना सांगून आपल्या बागेपुढे होड्यांची गर्दी जमवली आणि एका रोमन गृहस्थाच्या गळ्यात ती बाग चढ्या दराने मारली. दुसऱ्या दिवशी तिथे एकही होडी नव्हती. फसलेला गृहस्थ संतापला, पण करतो काय? अशा कपटावर दाद मागण्याचे कायदेशीर मसुदे सिसेरोचा स्नेही अक्विलियस याने अजून तयार केलेच नव्हते.

डायोजिनीसचा शेवटचा सवाल मात्र उरतो : माणसामाणसांतलं नातं एवढं मोठं असेल, तर विकायचं तरी कशाला, फुकट वाटून टाका! याला सिसेरो थेट उत्तर देत नाही. मला वाटतं, ते अँटिपेटरच्या बाजूनेही देता येतं. व्यापाऱ्याने माल विकावा, समुद्र ओलांडून आणल्याचा मोबदलाही घ्यावा. जहाजं येताहेत हे कळूनही ज्याची चूल आज पेटायची आहे, तो त्याच्याकडूनच घेईल. बाकीचे दोन दिवस थांबतील, आणि थांबायचा हक्क त्यांना आहे.