मुरानोची काच घेताना भट्टीचं नाव विचारा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या सहलींमध्ये व्हेनिसच्या वाट्याला एखादा दिवस येतो, कधी अर्धाच. सान मार्को चौक, गोंडोला, फोटो, आणि मग गाईड सगळ्यांना एका दुकानाच्या मागच्या खोलीत नेतो. तिथे कारागीर भट्टीतून लालभडक काचेचा गोळा काढतो, चिमट्याने चार ठिकाणी ओढतो आणि बघता बघता दोन पायांवर उभा घोडा तयार होतो. टाळ्या पडतात. टाळ्या थांबायच्या आत शेजारचं दार उघडतं आणि मंडळी थेट विक्रीच्या दालनात. आज मला बोलायचंय ते या दारापलीकडच्या खरेदीबद्दल.

घोडा खराच असतो, त्यात फसवणूक नाही. पण तो डोळ्यांदेखत झाला म्हणून कपाटातलं सगळंच त्या हातांनी घडवलेलं असेल, असं आपण गृहीत धरतो. व्हेनिसच्या गल्ल्यांमध्ये मुरानोच्या नावावर विकली जाणारी स्वस्त काच बरीचशी बाहेरून येते, चीनमधूनही येते. तिथले काचकारागीर याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करताहेत.

मुरानो हे व्हेनिसच्या उत्तरेला दीडेक किलोमीटरवर असलेलं बेट. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचभट्ट्या तिथे हलवायला लावल्या. कारण साधं होतं, आगीची भीती. पण त्यातून दुसरी सोय आपोआप झाली. सगळे कारागीर एका बेटावर आले, त्यामुळे धंद्याची गुपितंही तिथेच राहिली. ती घेऊन बाहेर पळणाऱ्यांसाठी कायदे कडक होते. पुढे पंधराव्या शतकात आंजेलो बारोविएर याने तिथेच ‘क्रिस्ताल्लो’ नावाची नितळ, बिनरंगी काच काढली आणि युरोपातल्या श्रीमंतांची टेबलं मुरानोच्या पेल्यांनी सजली.

ही काच वाळू, सोडा आणि चुना यांची. सोड्यामुळे ती जरा जास्त वेळ मऊ राहते, म्हणून तिला ओढता, पिळता, चिमटता येतं. मुख्य कारागीर, त्याला तिथे ‘माएस्त्रो’ म्हणतात, बाकावर बसून फुंकनळी सतत फिरवत असतो. हात थांबला की गोळा एका बाजूला लोंबतो. मदतनीस गरज पडेल तसा आणखी काचरस आणून देतात. वस्तू झाली की ती वेगळ्या भट्टीत ठेवून हळूहळू गार करायची. घाई केली तर तडकते. भट्टीचा जाळ रात्रंदिवस चालू असतो, म्हणूनच २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा काहींना भट्ट्या विझवाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये बऱ्याच भट्ट्या सुट्टी आणि दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा काम बघायचं असेल तर तो महिना टाळा.

आता अस्सल ओळखायची कशी? आपल्या बायका पैठणी घेताना पदर उलटा करून बघतात ना, तसंच काचेची वस्तू उलटी करा. नळीवरून सुटून वस्तू दुसऱ्या सळईला चिकटवली जाते, त्या जागेचा खरखरीत ठसा किंवा घासून गुळगुळीत केलेली खळी बुडाला दिसते. रंग काचेच्या पोटात आहे की वरून फासलाय, ते उजेडात धरून बघा. सहा पेल्यांचा संच असेल तर शेजारी शेजारी ठेवा, सहाही अगदी एकसारखे नसणार. मात्र बुडबुडा दिसला म्हणजे हातकाम, ही समजूत सोडून द्या. बुडबुडे यंत्रावरच्या काचेतही मुद्दाम सोडता येतात, आणि उत्तम माएस्त्रोच्या कामात ते शोधूनही सापडत नाहीत.

खरं सांगायचं तर डोळ्यांवर पूर्ण भिस्त ठेवून चालत नाही, जाणकारही चकतात. म्हणून दुकानात ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर जगात कुठेही ‘हो’ असंच मिळतं. विचारा, ‘कुठल्या भट्टीत झालं? कोणी केलं?’ खरा विक्रेता नाव सांगतो, भट्टीचा पत्ता देतो, पावतीवर लिहूनही देतो. उत्तर नुसतं ‘मुरानो, मुरानो’ असं आलं की वस्तू हळूच जागेवर ठेवावी.

व्हेनेतो प्रांताने १९९४ साली कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’, म्हणजे ‘मुरानोची कलात्मक काच’, या व्यापारचिन्हाची सोय केली. हे चिन्ह वस्तूवर चिकटपट्टीने लावलेलं असतं. तिच्यावर क्रमांक असतो, त्यावरून भट्टी कळते. पण चिन्ह घेणं ऐच्छिक आहे. काही नामांकित भट्ट्या स्वतःच्याच सहीवर विकतात, तेव्हा पट्टी नाही म्हणजे नकली, असं नाही. उलट ‘मुरानो स्टाइल’ किंवा नुसतं ‘मेड इन इटली’ लिहिलेलं असेल तर त्यावरून बेटाशी संबंध सिद्ध होत नाही.

हॉटेलवाले कधीकधी मुरानोला फुकट बोट देऊ करतात. ती ठरलेल्या दालनापाशी सोडते आणि बोटीचं भाडं तुमच्या फुलदाणीच्या किमतीत मिसळलेलं असतं. त्यापेक्षा फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून ४.१ किंवा ४.२ क्रमांकाची सार्वजनिक बोट धरा, दहाएक मिनिटांत मुरानो. आणि आधी दुकानात नाही, काच संग्रहालयात जा. १८६१ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात तासभर फिरलात तरी नजर तयार होते, मग बाजारातलं बरंच काही आपोआप नजरेतून उतरतं.

अस्सल म्हणजे महागच, असंही नाही. तिथे ‘गोतो’ नावाचे छोटे रंगीबेरंगी पेले मिळतात. भट्टीवरचे कामगार उरल्यासुरल्या काचेतून आपल्या पिण्यासाठी ते करायचे. मला विचाराल तर घोड्यापेक्षा गोतो बरा, रोज पाणी तरी पिता येतं. किंवा ज्योतीवर केलेले मणी घ्या. रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरून वितळवायची आणि धातूच्या तारेवर गुंडाळत मणी घडवायचा, असं हे काम. या मणीकलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, इटली आणि फ्रान्स दोघांच्या नावाने. पूर्वी मणी ओवण्याचं काम व्हेनिसच्या बायका दारात बसून करायच्या. आता मणी करणाऱ्यांतही बायका बऱ्याच आहेत आणि त्यांच्या छोट्या दुकानांत तुमच्यासमोरच मणी होताना दिसतो.

थोडं पैशाचं. इटलीत एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर युरोपीय संघाबाहेरच्या पर्यटकाला व्हॅटचा काही भाग परत मिळू शकतो. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म भरून घ्या, आणि संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमची मंजुरी घ्या. वस्तू दाखवावी लागू शकते, म्हणून ती चेक-इन सामानात देऊन बसू नका. काचेला तसंही हातातलं सामानच बरं.

झुंबर घ्यायची ऐपत आणि हौस असेल तर ते सुटे भाग करून पेटीतून येतं. पाठवण्याआधी भागांचे फोटो काढून ठेवा, विमा दुकानाकडूनच लिहून घ्या आणि इथे भरावी लागणारी कस्टम ड्युटी आधीच हिशोबात धरा. विजेचा दाब तिथे आणि आपल्याकडे २३० व्होल्टच, ती काळजी नको. एक मात्र करा, त्याच वेळी दोन-चार पानं-फुलं जादा मागून घ्या. वाटेत एखादं फुटलं तर नेमक्या त्याच रंगाचं दुसरं पुढे मिळेलच, असं माएस्त्रोही छातीठोकपणे सांगणार नाही.

नमस्कार.