'पाठवलं' म्हणजे पोचलं नव्हे

गेल्या उन्हाळ्यात नागपुरात धरमपेठेत आमच्या वाचनालयाचं व्याख्यान झालं. सभासदांना मेल आठ दिवस आधीच गेला होता. नंतर महाल भागातले एक काका भेटले. सत्तरी ओलांडलेले, एकही कार्यक्रम न चुकवणारे. म्हणाले, "बाई, यंदा मले बोलावलंच नाही तुम्ही." मी त्यांच्या फोनवर स्पॅमचा कप्पा उघडला, तर आमची चार निमंत्रणं तिथं पडलेली. मला ते फार लागलं. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागले आहे.

आपल्याला वाटतं, मजकुरात 'मोफत' लिहिलं, उद्गारचिन्हं जास्त झाली म्हणून मेल अडकतो. मजकूर पाहिला जातो, पण त्याआधी विचारलं जातं की हा पाठवणारा खरंच तोच आहे का? ईमेल ज्या नियमांवर चालते ते 1982 सालचे, आणि त्यांत प्रेषकाच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, पोस्टकार्डावर लिहावं तसं. म्हणून पुढे तीन गोष्टी आल्या. एसपीएफ ही डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, जाहीर केलेली यादी: आमच्या नावाने पत्र टाकायचा अधिकार या सर्व्हरना आहे. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला की ती जुळत नाही. आणि डीमार्क सांगतं की समोर दिसणाऱ्या प्रेषकाचं डोमेन या दोहोंपैकी निदान एका तपासणीत जुळलंच पाहिजे, आणि न जुळल्यास मेलचं काय करायचं.

आमची चूक साधी होती. वेबसाइट बनवताना एक एसपीएफ नोंद झाली होती. पुढे मेल पाठवायची सेवा घेतली, तेव्हा मी जुनीत भर घालायची सोडून दुसरी नोंद केली. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच चुकीची ठरते. तुमच्या संस्थेची वेबसाइट एकाने केली असेल आणि मेल दुसरा पाहत असेल, तर हे आधी बघा.

आता ज्यांच्याकडे एक समूह-पत्ता आहे, म्हणजे त्यावर लिहिलं की सगळ्यांना जातं, त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण सगळ्यात अवघड गाठ इथेच आहे. सभासद आपल्या पत्त्यावरून लिहितो, पण पुढे पाठवतो समूहाचा सर्व्हर. तो त्या सभासदाच्या डोमेनच्या यादीत नसतो, म्हणून एसपीएफ जुळत नाही. समूह विषयाच्या आधी कंसात आपलं नाव जोडतो, तळाशी दोन ओळी घालतो, की सहीही मोडली. डीमार्क नापास. एप्रिल 2014मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी असे मेल थेट नाकारायला सांगितलं, आणि जगभरच्या समूहांतून याहूवाल्यांची पत्रं परत येऊ लागली. उपाय दोन. विषय आणि मजकूर यांना हात न लावता मेल तसाच पुढे द्यायचा, म्हणजे सही टिकते. किंवा प्रेषक म्हणून समूहाचा पत्ता ठेवायचा आणि उत्तराच्या जागी मूळ लेखकाचा.

पण नोंदी बिनचूक असूनही मेल स्पॅममध्ये जातो, आणि त्याला माणसं कारण असतात. कार्यक्रमाच्या वहीत सही केलेल्या प्रत्येकाचा पत्ता आपण यादीत घालतो. त्याने विचारलं होतं का आपल्याला? कंटाळून तो 'स्पॅम' दाबतो, आणि तो ठपका आपल्या डोमेनवर बसतो. फेब्रुवारी 2024पासून गुगलने जीमेलवर दिवसाला 5000हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर बाहेर पडायची सोय सक्तीची केली, तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खालीच हव्यात. आपण एवढे मोठे नाही, तरी बाहेर पडायचा दुवा ठळक ठेवा. निरोप घेणाऱ्या सभासदाला अडवलं, तर तो जाताना आपलं नाव खराब करून जातो. परत येणारे पत्ते त्याच आठवड्यात काढून टाका. जीमेलच्या खासगी खात्यावरून बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात, तीनशे नावं घालणं तर आजच थांबवा.

घरी गेल्यावर संस्थेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका. संगणकावर तो उघडून तीन टिंबांतलं 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क दिसतील. ज्याच्यापुढे 'पास' नाही, त्याचा फोटो घेऊन पुढच्या रविवारी वाचनालयात या. बसून दुरुस्त करू.